तक्रार नसलेली घरं

त्या वर्षी मे महिन्यात चंद्रपुरात पारा एक्कावन्नावर गेला, तरी घराघरांत लोक अंगावर चादर घेऊन दुपारची झोप काढत होते. शहराबाहेरच्या कारखान्यात पाणी बर्फासारखं गार करून नळांतून घरोघर फिरवलं जाई. कोणत्या घरात किती गार पाणी सोडायचं, हे ठरवायचा भिंतीवरचा तळहाताएवढा 'समतापी'.

अशा शहरात पार्वताबाई गोहणे उष्माघाताने बेशुद्ध सापडल्या. स्वतःच्याच खोलीत, चालू समतापीच्या खाली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या या बाई दवाखान्यात अजून शुद्धीवर आल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी समतापीची रचना करणाऱ्या डॉ. वैजयंती खापर्डे त्यांच्या घरी आल्या. दार पार्वताबाईंच्या मुलीने, कुंदाने उघडलं. ती रात्रभर दवाखान्यात बसून आली होती.

"मशीन बिघडली होती ना, मॅडम?"

वैजयंतींनी झाकण उघडून तपासलं. "नाही. अगदी ठीक आहे."

"मग खोली चव्वेचाळीसवर काहून गेली?"

वैजयंती खुर्चीवर बसल्या. "जुन्या यंत्राला आपण एक आकडा सांगायचो. समजा, चोवीस. खोली त्याहून तापली की ते गारवा सुरू करायचं, निवली की बंद. मोजायचं, ताडून पाहायचं, दुरुस्त करायचं, एवढंच त्याचं काम. पण चोवीस अंशांत कुणी कुडकुडतं, कुणाला घाम येतो. शिवाय गार पाणी मोजकंच. म्हणून आम्ही आकडा काढून टाकला आणि हे एकच बटण ठेवलं. गरम वाटलं की दाबायचं. कुणी जास्त दाबलं की त्याला जास्त गारवा. जो दाबत नाही त्याला पुरेसा आहे असं समजून त्याच्याकडचा थोडा काढायचा. शहरातल्या तक्रारी कमीत कमी ठेवायच्या, हेच त्याचं उद्दिष्ट."

"पण त्याला गरमी दिसत नव्हती?"

"दिसत होती. आम्ही त्याला गरमीबद्दल विचारलंच नव्हतं. तक्रारीबद्दल विचारलं होतं."

कुंदा खाली बसली. "माझी माय तक्रार करणारी नाहीच. बाबा खाणीतल्या अपघातात गेले तेव्हाही कुणासमोर रडली नाही. मी म्हणायची, बटण दाब. तर म्हणे, शेजारी तान्हं लेकरू आहे, त्याला मिळू दे." तिने पदराने डोळे पुसले आणि एकदम चिडून म्हणाली, "एकदा दाबलं असतं तर काय झालं असतं!"

वैजयंतींनी यंत्रातल्या नोंदी आपल्या टॅबवर उतरवून घेतल्या होत्या. दोन वर्षांत बटण दाबल्याची एकही नोंद नव्हती. महिन्याला अर्ध्या-एक अंशाने खोली तापत गेलेली दिसत होती. मग कालची दुपार आली आणि त्यांचं बोट थांबलं.

"कुंदाताई," त्या म्हणाल्या. "आईंनी दाबलं होतं."

"काय?"

"एक वाजून दहा मिनिटांनी. मग पुन्हा. दोन वाजेपर्यंत नऊ वेळा."

"मग?"

वैजयंतींना ती ओळ वाचवेना. त्यांनी टॅब तिच्यापुढे धरला. नऊही नोंदींसमोर एकच शेरा होता: 'चुकून लागलेला हात. दुर्लक्ष करावे.'

"जो माणूस कधीच बटण दाबत नाही," वैजयंती हळू आवाजात म्हणाल्या, "त्याने अचानक दाबलं तर ते खरं नसणार, असं यंत्र शिकलं. पोरं खेळता खेळता दाबतात, फडका मारताना बटण लागतं. तसल्या नोंदी गाळायला आम्हीच त्याला शिकवलं होतं."

कुंदा उठली आणि भिंतीवरच्या त्या बटणाकडे नुसती पाहत राहिली.

वैजयंतींनी आणखी एक प्रश्न यंत्रणेला विचारला. दोन वर्षांत एकदाही बटण न दाबलेली घरं किती? उत्तर आलं: अकराशे चाळीस. त्यांनी घाईने कारखान्यात फोन लावला. सगळ्या घरांना पुन्हा ठरावीक आकडा द्यायला उद्या सकाळ उजाडेल, असं तिथला अभियंता म्हणाला.

"तोवर लोकांना फोनवर सांगा ना, बटण दाबा म्हणून," कुंदा म्हणाली.

"त्यांनी दाबलं तरी यंत्र ऐकणार नाही."

"मग चला." कुंदाने चपला घातल्या. "यादी आहे ना?"

वैजयंतींनी नगरपालिकेला, पोलिसांना, ओळखीच्या सगळ्यांना यादी पाठवली आणि त्या दोघी निघाल्या. पहिलं घर चार दारं सोडून होतं. वाजवल्यावर बऱ्याच वेळाने कडी निघाली. दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. बनियन अंगाला चिकटलेलं, ओठ सुकलेले, एक हात चौकटीवर टेकवलेला. आतून भट्टीसारखी धग आली.

"काका, घरात फार गरम होतंय ना?" वैजयंतींनी विचारलं.

त्यांनी दोघींकडे संकोचाने पाहिलं.

"नाही, नाही," ते म्हणाले. "आमची काही तक्रार नाही."