फोटोपुरता कठडा

“अपेक्षा, पळ! आपला कठडा टेम्पोत भरतायत!”

रॉबिनची हाक ऐकून अपेक्षा ओढ्याकडे धावली, मागोमाग तिची धाकटी बहीण पिंकी. उन्हाळ्याची सुट्टी, पण खेळ कुणाला सुचतोय! गेल्या श्रावणात शाळेत जाताना अपेक्षाचा भाऊ सत्यजीत याच बिनकठड्याच्या पुलावरून वाहून गेला होता. मग गावानं कठडा मागितला. काल तो बसला, साहेबांनी फोटो काढले आणि आज ठेकेदाराची माणसं नटबोल्ट सोडत होती!

“काका, कुठं नेताय?”

“रंग द्यायला. व्हा बाजूला!”

“आधीचाच अजून ओला हाय की!” पिंकी म्हणाली. तिनं पिवळ्या पाइपावर पंजा दाबला आणि साळसूदपणे हात मागं लपवला.

टेम्पोचा माग काढत तिघं सायकली हाणत राहू गावच्या रस्त्याला लागले. एका वस्तीच्या पुलावर तोच कठडा! पाइपावर पिंकीचा पंजा! रॉबिननं मोबाइलवर फोटो काढला आणि थेट आजीला दाखवला. त्याची आजी प्रेमाबाई जुनी नर्स. आता गावातल्या बायकांना घेऊन पंचायतीच्या कामांचे कागद तपासायची.

“एक मेला ग्रामसभा हाय,” ती म्हणाली. “तिथंच बोलू.”

सभेत ग्रामसेवक भराभरा वाचत होता. “पुलाचा कठडा, काम पूर्ण. मंजूर?”

“मंजूर!” सगळे सवयीनं ओरडले. त्यात अपेक्षाचे वडील, आप्पाही होते!

“आप्पा, कशाला मंजूर म्हणालात?” अपेक्षा संतापली. “कुठाय कठडा?”

“गप गं! पोरांना इथं मत नसतं,” सरपंच मारुतराव डाफरले.

“मला हाय!” प्रेमाबाई उठली. “आपला कठडा दुसऱ्याच वस्तीवर बसलाय, हा बघा त्यावर पिंकीचा पंजा!” तिनं फोटो हातोहात फिरवला, मग जुना कागद काढला. “हेच काम दोन वर्षांमागंही पूर्ण दाखवलंय. तवाबी तुम्ही मंजूर म्हणालात.”

“म्हंजी... सत्यजीत जायच्या आधी?” आप्पांनी विचारलं.

“व्हय.”

आप्पा कसेबसे उभे राहिले. “नामंजूर!”

“नामंजूर!” सगळं गाव गरजलं. मारुतरावांचा चेहरा खर्रकन उतरला.

शाळा उघडायच्या आत गावासमोर कठडा सिमेंटात पक्का बसला. “शाबास! पोरांनी गावाचे डोळे उघडले,” म्हातारी माणसं म्हणाली. मारुतरावांनीही वर तोंड करून टाळ्या वाजवल्या! अपेक्षानं तिकडं पाहिलंही नाही.

आप्पांनी कठडा दोन्ही हातांनी गदागदा हलवला. तो जराही हलला नाही.

“मी तवा नीट ऐकलं असतं तर, पोरी...” एवढंच बोलले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.