दिसतील असे हात

रस्त्याच्या कडेला निळे दिवे फिरत होते आणि त्यांच्यापुढे एक तपकिरी गाडी उभी होती. ओडेसाने आपली गाडी पलीकडच्या बाजूला थांबवली, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून बघत बसली. त्या गाडीतला माणूस तिच्या ओळखीचा नव्हता. पण मेकन शहराच्या आसपास आपल्यातल्या काळ्या माणसाला पोलिसांनी अडवलं, की जाणाऱ्याने थांबायचं असतं. करायचं काही नसतं... नुसतं तिथे असायचं.

पोलीस गेले, तसा तो गाडी वळवून तिच्या शेजारी आला. पेकनच्या झाडांतून आलेलं ऊन त्याच्या चेहऱ्यावर होतं आणि गालाला खळी होती.

"तुम्ही कोण माझ्या?"

"कोणी नाही. साक्षीदार."

"साक्षीदार लग्नालाही लागतात—"

"आधी कपाळावरचा घाम पुसा!" ती म्हणाली आणि हसली. हसायला नको होतं, पण हसू काय विचारून येतं?

त्याचं नाव लेव्हॉन. शाळेत मुलांना ट्रॉम्बोन वाजवायला शिकवायचा. दर रविवारी चर्च सुटलं की तो पायरीशी उभा असायचा, आणि ती मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी बाहेर यायची.

सिनेमाच्या अंधारात तो एकदा फार गंभीर आवाजात म्हणाला, "मॅडम, माझा उजवा हात आता पॉपकॉर्नकडे जातोय. परवानगी आहे?"

तिला हसू आवरेना. पोलिसांसमोर म्हणायचं हे वाक्य त्यांच्यातल्या प्रत्येक आईने पोराकडून घोकून घेतलेलं असतं. हात दिसतील असे ठेव, हलवायच्या आधी सांग, उलट बोलू नकोस. आणि हा वेडा त्याच वाक्याने लाडात येत होता!

"मॅडम... आता तो तुमच्या डाव्या हाताकडे जातोय."

"सावकाश," ती कुजबुजली. "माझ्या नजरेसमोर ठेवा."

त्या रात्री तिला झोप आली नाही. सुखाने नाही, भीतीने. तिच्या भावाला, एलिसला, गाडीचा मागचा दिवा लागत नाही म्हणून पोलिसांनी अडवलं होतं. त्याने न सांगता पाकिटाकडे हात नेला. तेवढंच. गोळी लागली, तो घरी आलाच नाही. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी खिडकीशी जाते आणि पडदा धरून उभी राहते. असा जीव टांगणीला लावणारा माणूस आपल्याला नको, असं ओडेसाने तेव्हाच ठरवलं होतं. ठरवलेलं सगळं त्या खळीत बुडालं होतं, काय करणार?

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तो तिला तळ्याकाठी घेऊन निघाला. निघण्याआधी गाडीचे सगळे दिवे दोनदा तपासले. वाटेत बोलेना, गाडी तर मुंगीच्या पावलाने चालवत होता. मागे निळे दिवे लागले.

"फारच हळू चाललायस," पोलीस खिडकीशी येऊन म्हणाला. "प्यायलायस का? कागद काढ."

लेव्हॉनचे हात स्टीअरिंगवर होते, ओडेसाचे समोर डॅशबोर्डवर. एकमेकांकडे बघायचीही सोय नव्हती.

"प्यायलो नाही, सर. कागद हिच्या समोरच्या खणात आहेत. तिथे एक काळी डबी पण आहे. हत्यार नाही, सर. अंगठी आहे. मी हिला... आज लग्नाचं विचारणार होतो, सर. माझा उजवा हात आता खणाकडे जातोय. परवानगी आहे?"

पोलिसाचा हात कमरेशी गेला. "सावकाश," तो म्हणाला. "माझ्या नजरेसमोर ठेव."

लेव्हॉनचा हात तिच्या गुडघ्यांवरून पुढे गेला. खण उघडून त्याने कागद काढले. ओडेसाने श्वास धरून ठेवला होता.

कागद बघून पोलिसाने छपरावर थाप मारली. "हो म्हण गं बाई त्याला! अभिनंदन!" त्याचं हसू खोटं नव्हतं, हेच जास्त लागलं.

तो गेल्यावरही लेव्हॉनचे हात स्टीअरिंगवरच राहिले.

"मी सगळं पाठ करून आलो होतो," तो म्हणाला. "त्यात एकही 'सर' नव्हता."

"मग म्हण ना."

"ओडेसा—" आवाज तोच आला, मघाचाच, दबलेला.

"तू मला विचारलंसच कुठे?" तिचे डोळे भरून आले. "त्याला विचारलंस. आणि माझ्याच्याने नाही व्हायचं, लेव्हॉन. आमच्या घरात एक खिडकी आहे तेवढी पुरे. मला दुसरी नको."

त्याने डबी खणात ठेवली. तळं राहिलं. तिला दारात सोडताना तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पोचलास की फोन कर."

फोन येईना. ओडेसा स्वयंपाकघरात गेली, परत आली, पुन्हा गेली. भानावर आली तेव्हा पडदा तिच्या मुठीत होता. शेजारी आई रोजच्यासारखी उभी होती. थोडी सरकून तिने लेकीला खिडकीत जागा करून दिली.

नाही म्हणून काय मिळालं? वाट बघणं तर सुटलं नव्हतंच.

फोन वाजला. "पोचलो," लेव्हॉन म्हणाला.

"हो."

"हो काय?"

"लग्नाचं तू त्याला विचारलंस ना... त्याचं उत्तर. माझं."

"मी येतो. आत्ता निघतो!"

"नको!" ती ओरडलीच. "अंधार पडतोय. उद्या ये, उजेडी ये."

तिने फोन ठेवला. ती रडत होती, हसतही होती.

"पोचला ना तो?" आईने विचारलं.

"पोचला."

"मग सोड आता पडदा."

"उद्या तो निघणार आहे, आई," ओडेसा म्हणाली. पडदा तिने सोडला नाही.