एडनाच्या टेपमधली खरखर

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे होते. २००१च्या डिसेंबरात सांता क्लारातल्या कंपनीने आमची अख्खी टीम घरी पाठवली आणि मी यतीनच्या व्हिसावर त्याची बायको म्हणून उरले. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. दोन वर्षं मी उत्तम पोळ्या केल्या आणि मनातल्या मनात चिडत राहिले.

शेवटी जवळच्या लायब्ररीत फुकट काम धरलं. युद्धकाळात कारखान्यांत राबलेल्या बायकांच्या मुलाखतींच्या जुन्या कॅसेट होत्या, त्या ऐकून टाइप करायच्या. माझ्या वाट्याला एडना आली. मूळची कॅनडाची. मुलाखत १९७९ची, मृत्यू १९८४चा. माइक फक्त तिच्यासमोर असावा, कारण प्रश्न ऐकूच येत नव्हते. प्रश्नाच्या जागी नुसती खरखर, मग तिचं उत्तर.

एडना मोकळं बोलायची. टोरोंटोजवळच्या कारखान्यात ती तोफगोळ्यांचे फ्यूज जुळवायची. मुलीसाठी सरकारी पाळणाघर होतं. फोरमन तिला नावाने ओळखायचा, याचं तिला पस्तीस वर्षांनंतरही अप्रूप होतं.

मग खरखर आली.

"मग?" मी सवयीने म्हणाले.

"मग युद्ध संपलं," एडना म्हणाली. "सैनिक आले. लग्न झालेल्या बायकांना आधी काढलं. आमच्या गल्लीतलं पाळणाघरही बंद झालं."

योगायोग असणार. पण टेस्टर एवढ्यावर सोडत नाही. मी टेप मागे घेतली आणि त्याच जागी विचारलं, "पाळणाघरात जेवायला काय द्यायचे?"

"बीटचं सूप. मुलगी त्याला हात लावायची नाही."

पुन्हा मागे घेतली. या वेळी गप्प बसले. बाजू संपेपर्यंत नुसती खरखर.

तीन दिवसांत अकरा वेळा करून पाहिलं. प्रश्न मराठीत, उत्तर तिच्या इंग्रजीत. कुणाला सांगितलं नाही. रिपोर्टमध्ये लिहिणार तरी काय?

त्याच आठवड्यात गिरीशचा फोन आला. हा माझा जुन्या कंपनीतला टीम लीड. त्याच्या नव्या कंपनीत जागा होती, माझा व्हिसाही ते करणार होते. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. नेमकी तेव्हाच यतीनची टेक्सासमधल्या फ्रिस्कोला बदली झाली.

"तिकडे मोठं घर मिळेल," यतीन म्हणाला. "तू नंतर बघ ना काहीतरी."

माणूस वाईट नाही. म्हणून तर जास्त लागलं.

गुरुवारी सकाळी मी हेडफोन लावले.

"तुम्ही भांडला नाहीत?"

खरखर लांबली.

"नाही. सांगितलं तिथे सही केली."

"पस्तावलात?"

"रोज."

मी पुढे काही विचारलं नव्हतं. तरी ती बोलली.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

मी हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

"अजून काही नाही," मी म्हणाले. "हो म्हणणार आहे."

कॅसेटची बाजू संपली.

संध्याकाळी मी यतीनला सांगितलं की मी इथेच राहणार. त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "ओके. वीकेंडला फ्लाय करत जाईन." मला रडू आलं, आनंदाने.

शुक्रवारी नऊच्या ठोक्याला गिरीशला फोन लावला.

"गिरीश, मी जॉइन करते."



"शरयू, अगं, काल दुपारीच तर तू फोन करून नको म्हणालीस. मी ऑफर दुसऱ्याला रिलीज केली, यार."

"मी फोन केला नव्हता."

"तुझाच आवाज होता. थकलेला वाटला. आणि सगळं इंग्लिशमध्ये बोललीस, ते जरा ऑड वाटलं."

"काय म्हणाले मी?"

"म्हणालीस, पुरुष परत येताहेत, आता त्यांना जागा करून द्यायला हवी." तो थांबला. "तेवढं मला कळलं नाही. कोण येतंय गं?"