पहिल्यांदा बोटीवर जाणाऱ्यांसाठी

'नीलमुद्रा' जहाजाने मुंबई बंदर सोडून दोन तास झाले होते. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत यदुनाथ केळुसकर पलंगावर मांडी घालून बसले होते आणि प्रवाशांना वाटलेली पुस्तिका मोठ्याने वाचत होते. पुस्तिकेचं नाव होतं, 'पहिल्यांदा बोटीवर जाणाऱ्यांसाठी'.

"ऐक. सूचना दुसरी. 'मोठं सामान खोलीत पोचायला संध्याकाळ होते. रोजची औषधं आणि कपड्यांचा एक जोड हातपिशवीत ठेवा.' हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझा लेंगा मोठ्या बॅगेत गेला नसता."

"मी सांगितलं होतं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही तेव्हा रंगपेट्या भरत होतात."

"सूचना चौथी. 'पहिल्याच जेवणाला ताट शिगोशीग भरू नका. जेवण दिवसातून सहा वेळा आहे, ते पळून जाणार नाही.' हे वाक्य तुझंच दिसतंय."

"नाही हो. माझी एकच आहे. नववी."

यदुनाथांनी चष्मा वर सरकवला आणि नववी सूचना सावकाश वाचली. "'बोटीवर चढण्यापूर्वी चार तास डोलरोधक चकती उजव्या कानामागे लावा. सात दिवस काढू नका. बोट लागणार नाही.' अगं, वीस वर्षांचं संशोधन आणि तीन वाक्यं?"

"लोक तेवढीच वाचतात."

चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या त्या गृहस्थांनी खिशातून पेन्सिल काढली आणि नवव्या सूचनेशेजारी कानामागे चकती लावलेला देवमासा काढला. बाई हसल्या. दोघांच्याही कानांमागे नखाएवढ्या पांढऱ्या चकत्या होत्या.

डॉ. प्रमोदिनी केळुसकर बहात्तर वर्षांच्या होत्या. पुण्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला होता. पण त्यांची चकती आता सगळ्या जहाजांवर पोचली होती, म्हणून जहाजकंपनीने मुंबई ते मॉरिशस या सफरीचं दोघांना आमंत्रण दिलं होतं. असल्या मोठ्या जहाजावर दोघंही पहिल्यांदाच चढत होती. बाईंना बोट माहीत होती ती लहानपणची. वेंगुर्ल्याला आगबोट खोल पाण्यात उभी राही. पडावातून तिच्यापर्यंत जायचं, कोणीतरी दंडाला धरून वर ओढून घ्यायचं, आणि तासाभरात अख्खी बोट ओकायला लागायची. आई पदराखालून लिंबू काढून नाकाशी धरी. शेजारची अनोळखी बाई आपलं पोर सोडून दुसऱ्याच्या पोराचं कपाळ धरून बसलेली असे. त्या वासाने आणि त्या हालाने सात वर्षांच्या प्रमोदिनीच्या मनात पक्कं बसलं होतं, की मोठं झाल्यावर यावर औषध शोधायचं.

चौथ्या दिवशी सकाळी न्याहारीला यदुनाथ म्हणाले, "छातीत जरा जड वाटतंय गं. डाव्या हातातही."

"पित्त असेल," बाई म्हणाल्या. "काल रात्री तळलेलं खाल्लंत."

"असेल," ते प्रसन्नपणे म्हणाले आणि आणखी एक इडली घ्यायला उठले. त्यांच्या टेबलावर अमरावतीच्या शोभनाताई देशकर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, घाम आलाय तुम्हाला." यदुनाथांनी रुमालाने कपाळ पुसलं, चार पावलं चालले आणि खाली बसावं तसे खाली बसले. मग आडवे झाले.

कोणी ओरडलं नाही. दीडशे माणसांच्या त्या जेवणघरात लोकांनी शांतपणे खुर्च्या बाजूला घेतल्या, वाट करून दिली. डॉक्टर धावत आले. धावणारे तेवढे एकटेच होते. पंचवीस मिनिटांनी डॉक्टर उठून उभे राहिले तेव्हा बाई तिथेच, नवऱ्याची चप्पल हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी डॉक्टरांचं म्हणणं ऐकलं, मान हलवली आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला भूक लागली आहे.

जहाजावरचे डॉक्टर ग्रेगरी डाबरे वसईचे. पन्नाशीचे. कंपनीच्या सगळ्या नोकरांना चकती सक्तीची होती, डॉक्टर तेवढे सुटले होते. औषध दिलेल्यांकडे पाहायला एक माणूस औषधाशिवाय हवा, असा नियम होता. शिवाय त्यांना जन्मात कधी बोट लागली नव्हती. दोन दिवसांपूर्वी यदुनाथांनी त्यांचं लांब नाकाचं चित्र काढून दिलं होतं. दवाखान्यात बाईंसमोर बसल्यावर ते चित्र त्यांना भिंतीवर दिसलं आणि त्यांनी डोळे पुसले.

"माफ करा, मॅडम. खरं म्हणजे मी तुम्हाला धीर द्यायचा."

"तुमच्या डोळ्यांत पाणी आलं," बाई म्हणाल्या. "मी त्याची नोंद घेतली. बाकी मला काही होत नाहीये. डॉक्टर, भीती वाटली की तुम्हाला ती कुठे कळते?"

"पोटात."

"बरोबर. पोटात गोळा येतो, पोटात कालवतं, आतडं पिळवटतं. आपण ते बोलण्याची पद्धत समजतो. पण शरीरात तसंच घडतं. मेंदू आधी पोटाला आणि हृदयाला निरोप पाठवतो. ती ढवळतात. ते ढवळणं उलट मेंदूपर्यंत पोचलं, की मग आपल्याला भीती वाटते. दुःखाचंही तेच. आणि बोट लागते तीही त्याच वाटेने. डोळे सांगतात खोली स्थिर आहे, कान सांगतो हलतेय. मेंदू गोंधळतो आणि पोटाला ढवळायला लावतो."

"आणि तुमची चकती ती वाट बंद करते."

"दोन्ही बाजूंनी. मळमळ गेली, तिच्याबरोबर बाकीचंही गेलं. सुट्टीवर आलेला माणूस निवांत दिसला तर तक्रार कोण करणार? आज सकाळी हे म्हणाले, छातीत जड वाटतंय. मला शरीरशास्त्र येतं, डॉक्टर. डावा हात म्हणाले तेव्हाच मी उठायला हवं होतं. पण उठवणारं आत कोणी नव्हतं. यांनाही नव्हतं."

डाबऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "चकती आत्ता काढू. औषध अंगातून जायला किती वेळ लागेल?"

"साठ तास."

"म्हणजे परवा रात्री. मग तुम्हाला रडू येईल."

"नाही येणार, तीच तर अडचण आहे." बाईंनी टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर दोन चौकोन काढले. "कुठल्याही मोठ्या प्रसंगाच्या दोन नोंदी होतात. एक मेंदूत, काय घडलं त्याची. दुसरी शरीरात, तेव्हा पोटाने आणि हृदयाने काय केलं त्याची. हिला मी देहखूण म्हणते. माणूस गाढ झोपला, की या दोन्ही एकमेकींना बांधल्या जातात. एकदा झोप झाली की गाठ पक्की. देहखूण नसेल तर नुसती माहिती पक्की होते. नंतर औषध उतरून उपयोग नाही. उंदरांवर आम्ही हे पाहिलं होतं."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"कंपनीच्या बैठकीत मी सांगितलंही. ते म्हणाले, प्रवासातली वाईट आठवण मागे राहत नाही, हा तर फायदाच झाला. मला तेव्हा ते पटलं."

डाबऱ्यांनी कागद उलटा करून ठेवला. "मॅडम, माझ्याकडे लोक दुःख नको म्हणून औषध मागायला येतात."

"मलाही आत्ता दुःख हवंसं वाटत नाहीये. काहीच वाटत नाहीये. हे मी विचाराने बोलतेय. चव्वेचाळीस वर्षांचा संसार आहे, डॉक्टर. त्या माणसाच्या जाण्याची माझ्याकडे नुसती माहिती राहिली, तर ते बरोबर होणार नाही. माझ्या हातून झालेल्या चुकीचीसुद्धा नुसती माहितीच राहील. मला साठ तास जागं राहायचं आहे. औषध उतरलं की मला यांच्याजवळ नेऊन बसवा."

"जागं ठेवायचं औषध तुमच्या वयाला मी देऊ शकत नाही."

"चहा द्या."

त्यांनी चकती काढून डाबऱ्यांच्या टेबलावर ठेवली आणि चालायला सुरुवात केली. उघड्या डेकवर जहाजाला एक फेरी मारायला त्यांना अकरा मिनिटं लागत. पहिला दिवस आणि रात्र गेली. दुसऱ्या सकाळी पायांना सूज आली तेव्हा त्या बसून बोलू लागल्या. डाबरे पेशंट तपासून मधूनमधून येऊन बसत आणि प्रश्न विचारत. लग्न कसं जमलं? विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते रंगवायला शाळेने या मास्तरांना पाठवलं, त्यांनी बेडकाच्या हृदयाला तीन कप्प्यांऐवजी चार काढले, त्यावरून भांडण झालं. कोण जिंकलं? मी. पण तक्ता बदलला नाही. चार कप्पेच देखणे दिसतात म्हणाले. बाई हे सगळं हसून सांगत. डाबऱ्यांना हसणं जड जात होतं.

दुपारी साडेतीनला दवाखान्यातून बोलावणं आलं. एक म्हातारे गृहस्थ जिन्यावरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. डाबऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं. शोभनाताई जवळच विणकाम करत होत्या.

"ताई, माझं एक काम करा. या मॅडमना झोपू देऊ नका. काहीही झालं तरी. चिमटा काढा, पाणी मारा. मी तासाभरात येतो."

"हो, हो. जा तुम्ही निश्चिंत," शोभनाताई म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी बाईंना आपल्या नातीच्या नाचाच्या गोष्टी सांगितल्या. लिंबाच्या लोणच्याची कृती सांगितली. पाऊण तासाने बाईंची मान छातीवर आली. शोभनाताईंनी एकदा हाक मारली, "ताई?" मग पुन्हा एकदा, जरा हळू. समुद्रावर ऊन उतरलं होतं, वारा मऊ होता. बाईंच्या मांडीवरच्या फोनवर जागं राहण्यासाठी लावलेला गजर थरथरला तो शोभनाताईंनी बंद करून ठेवला, आपली शाल त्यांच्या अंगावर घातली आणि पुन्हा सुया हातात घेतल्या.

हाडाच्या कामाला तासाऐवजी चार तास लागले. डाबरे आले तेव्हा अंधार पडत होता.

"हे काय केलंत तुम्ही!" ते जवळजवळ किंचाळले. "मी तुम्हाला काय सांगून गेलो होतो?"

"अहो, लक्षात होतं ना माझ्या," शोभनाताई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. "झोपू देऊ नका म्हणाला होतात. पण म्हटलं, बिचारीचा नवरा गेला, दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. एवढं काय त्यात? किती शांत झोपल्यात बघा. तुम्हीच घ्या बरं घोटभर पाणी, केवढे लाल झालात!"

डाबऱ्यांनी शोभनाताईंच्या उजव्या कानामागे पाहिलं. चकती जागेवर होती. रागावणार कोणावर? त्या बाईला निरोप कळला होता, फक्त तो कुठे टोचला नव्हता. जहाजावरच्या अडीच हजार माणसांपैकी दुसऱ्या कोणाजवळ बसवलं असतं तरी हेच झालं असतं.

बाई जाग्या झाल्या. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे.

"किती?"

"सव्वातीन तास."

"गाढ?"

डाबऱ्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मग झालं," बाई म्हणाल्या. शालीची घडी घालून त्यांनी ती शोभनाताईंना परत दिली आणि त्यांचे आभार मानले.

त्रेचाळीस दिवसांनी 'नीलमुद्रा' पुन्हा मुंबईला लागलं, तेव्हा डाबऱ्यांनी पुण्याला फोन केला. बाईंचा आवाज ठणठणीत होता. मुलगी कॅनडाहून आली होती, रडून रडून परत गेली. बाईंनीच तिला थोपटलं. दिवसकार्य सगळं यथासांग झालं.

"मी कंपनीला पत्र लिहिलं," डाबरे म्हणाले. "उत्तर आलं. त्या सफरीतून एकाही प्रवाशाची तक्रार नाही म्हणे."

"नसणारच."

"आणि तुम्ही? औषध उतरलं ना पूर्ण?"

"अगदी पूर्ण. परवा खालच्या मजल्यावरचं मांजर गाडीखाली सापडलं तर मी घळाघळा रडले. आई आठवली तरी डोळे भरतात. यंत्र ठीक चालू आहे. फक्त न्याहारीची ती सकाळ आठवली की काही होत नाही. तार वाचावी तशी वाचता येते."

"म्हणजे निदान त्रास तरी नाही," डाबरे म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना आपलीच लाज वाटली.

"मलाही तसंच वाटलं होतं, डॉक्टर. दुःख होणार नाही, एवढंच मी धरून चालले होते. पुढची पायरी मी मांडलीच नव्हती. सोपी होती खरं तर. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीने सुद्धा..." बाई एकदम थांबल्या. फोनमध्ये मागे कुठेतरी लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज झाला. "थांबा हं जरा."

फोन टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं. मग चपलांचा आवाज, कडी, दार. थोडा वेळ काहीच नाही. मग दार, कडी आणि चपला. या वेळी सावकाश.

"वरच्या मजल्यावरचे शहा होते," बाई म्हणाल्या. त्यांना किंचित धाप लागली होती.

"तुम्ही कोणाची वाट पाहत होता का?"

"सांगते तेच. यांच्या माझ्याजवळ चव्वेचाळीस वर्षांच्या देहखुणा आहेत. एकूण एक जागेवर. नाही ती फक्त शेवटची. गेले, हे मेंदूला माहीत आहे. शरीराला ते कळवलंच गेलं नाही. त्याच्या लेखी हे बाहेर गेलेत आणि उशीर झालाय. पहिल्या आठवड्यात थोडीशी हुरहुर होती. माणसाला तासभर उशीर झाला की होते ना, तशी. आता त्रेचाळीस दिवसांचा उशीर आहे. जेवण जात नाही, पोटात गोळा येतो, हात गार पडतात. सगळं अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. रडून झालं असतं तर कधीतरी हे संपलं असतं. वाट बघणं संपवायला ते माणूस यावं लागतं."

डाबरे बंदराकडे पाहत राहिले. नवे प्रवासी रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या हातात पुस्तिका होती आणि एक मुलगी आपल्या वडिलांच्या कानामागे चकती नीट दाबून बसवत होती.

"मॅडम, यावर काही करता येईल का? तुम्हालाच विचारायचं, दुसरं कोणाला विचारू?"

"मी दोन आठवडे विचार केला. नाही."

मागे लिफ्टचं दार पुन्हा सरकलं.

"कोणी नसेल, मॅडम," डाबरे घाईने म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे हो," बाई म्हणाल्या. पण फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज तोवर झाला होता, आणि चपला भराभर दाराकडे निघाल्या होत्या.