मामाच्या बधिर कपाळाचं कोडं

मामाच्या डाव्या भुवईवर मी टिचकी मारली, तर त्याला कळलीच नाही. आणि त्याच भुवईखाली डोळा रात्रंदिवस ठणकत होता. ठणका एवढा, मग कपाळ बधिर कसं?

घरातल्या शहाण्यांनी ‘रांजणवाडी असेल’ म्हणत कितीतरी महिने शेक दिला. डोळा पुढे आला, तेव्हा कुठे इस्पितळ आठवलं. मला सगळ्यांचा संताप आला होता. आता काजव्याचाही आला. काजवा म्हणजे इस्पितळातला समजावून सांगणारा यंत्रमानव.

“हा अश्रुग्रंथीचा (डोळ्यासाठी पाणी बनवणाऱ्या, बदामाएवढ्या अवयवाचा) कर्करोग आहे,” तो गोड आवाजात म्हणाला. “फार दुर्मिळ. ऑपरेशन काही महिन्यांनी.”

“आणखी थांबायचं? आजच काढा. डोळा गेला तरी चालेल.”

“तुझं काय जातंय, केतके? डोळा माझा आहे,” मामा कॉटवरून म्हणाला.

“गोड बोलू नकोस,” मी काजव्याला सुनावलं. “खरं सांग.”

त्याने आवाज साधा केला. “मैदानातली हरळी वरून उपटली तर?”

“पुन्हा उगवते. मुळं आत धावलेली असतात.”

“हा रोगही मज्जातंतूच्या (मेंदूपर्यंत निरोप नेणाऱ्या धाग्याच्या) कडेकडेने धावतो. कपाळाचा मज्जातंतू इथूनच मेंदूकडे जातो. रोगाने तोच धरलाय. म्हणून आत ठणका आहे, पण कपाळाचे निरोप मेंदूपर्यंत पोचत नाहीत.”

कोडं सुटलं आणि माझा राग दुप्पट झाला. रोग मेंदूच्या वाटेला लागला होता आणि आम्ही शेक देत बसलो होतो.

“पूर्वी पुष्कळदा अख्खा डोळा काढत, तरी मुळं उरायची,” काजवा म्हणाला. “म्हणून आधी धमनीतून (रक्त नेणाऱ्या नळीतून) औषध थेट ग्रंथीजवळ सोडायचं. गाठ आकसली की ग्रंथी काढायची. मग मज्जातंतूच्या वाटेवर प्रोटॉनचे (अणूच्या गाभ्यातल्या कणांचे) किरण. ते ठरलेल्या खोलीवर थांबतात, त्यामुळे मेंदूला कमी इजा होते.”

“मामा वाचेल? डोळाही?”

“तशी आशा आहे. खात्री मी देणार नाही.”

पहिल्यांदाच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

काल, सगळे उपचार संपून वर्ष झाल्यावरची तपासणी झाली. रोग कुठेच दिसला नाही. मामा माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघत रडला, पण पाणी उजव्याच गालावर आलं. डावी अश्रुग्रंथी काढल्यापासून पापणीतल्या बारीक ग्रंथी डावा डोळा ओला ठेवतात, रडण्याएवढं पाणी त्यांच्याकडे नसतं.

“अर्धाच रडतोयस,” मी म्हणाले.

“पुरवून वापरायला हवं. अजून खूप वर्षं काढायचीत.”

हा रोग बऱ्याच वर्षांनीही परततो. म्हणून प्रत्येक तपासणीला मी मामाला ओढत नेणार आहे. यापुढे घरात कुणी रांजणवाडीचं नाव काढलं, तर त्याची माझ्याशी गाठ आहे.