कोलस्टॅडांच्या घराची खिडकी

मारेन कोलस्टॅड वरच्या खोलीच्या खिडकीत अडकली होती. डोकं, हात, खांदे बाहेर पावसात. बाकी सगळी घरात.

खाली मेपलच्या ओल्या पानांत एक तरुण उभा होता. गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र.

"बाहेर येताय की आत जाताय?"

"दाखवतेय," ती म्हणाली. "आग लागली तर इथून माणूस सहज निघतो."

"दिसतंय."

नगरपालिकेचा नियम होता: *घर घरच्यांचं असलं, तरी भाडेकरू ठेवला की परवाना लागेल.*

घर बाबांनी बांधलेलं, आपण त्यांची मुलगी, इथेच राहतो. मग परवाना कसला? कॉलेजच्या या गावात निम्म्या घरांचा हाच समज होता. बाबा आता नव्हते. आई लांब मावशीकडे. वरच्या दोन खोल्यांत मारेनच्या वर्गातल्या दोघी भाड्यानं राहत, त्यावर घर तगून होतं. परवाना नाही, तर भाडेकरू नाहीत. भाडेकरू नाहीत, तर घर विकायचं. आईनं स्वच्छ सांगितलं होतं.

तो वर आला. एलायस ब्रांट, घरं तपासणारा. त्यानं तिचे खांदे अलगद तिरके केले.

"श्वास सोडा."

"सोडला."

"सगळा."

ती सुटली. केसांतून पाणी गळत होतं, गालावर जुन्या रंगाचा पोपडा. त्यानं बोटानं दाखवला... पुसला मात्र नाही.

"कॉफी?"

"तपासायच्या घरात पाणीसुद्धा घेता येत नाही."

"वास?"

"वासाबद्दल नियम गप्प आहे," तो म्हणाला, आणि टेप उलगडताना हसू लपवायला वळला.

*झोपायच्या खोलीची खिडकी मोठा माणूस बाहेर पडेल एवढी हवी.*

"लहान आहे."

"बाबांनी बसवलीय ती."

"सुरेख बसवलीय." मग हळूच, "लहान आहे."

"मी सूट मागत नाहीये."

"ठाऊक आहे. मागितली असती तर सोपं गेलं असतं."

"काय?"

"तुम्हाला विसरणं..."

तो गेला. कॉफी टेबलावर निवत राहिली.

खिडकी मोठी करायला मारेननं बाबांची करवत काढली. भिंत कापताना जीव तुटत होता, हात थांबत नव्हता. संध्याकाळी एलायस समोरच्या पदपथावर थबकायचा. घरापुढच्या हिरवळीवर पाऊल नाही.

"तुमची वाट इकडून जाते?" ती वरून विचारायची.

"आता जाते."

"मग जा ना."

"जातोय की." जायचा नाही.

पण फेरतपासणीला दारात उभ्या राहिल्या श्रीमती ड्रेशर. त्यांनी नापास केलेल्या घरांची गावात दहशत होती.

"ब्रांट कुठेत?"

"तुमचं घर त्यानं माझ्याकडे दिलं. जिथे हितसंबंध असेल, तिथे तपासणी करायची नाही."

"त्याचा आमच्या घराशी कसला हितसंबंध?"

ड्रेशरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी घरं तपासते, पोरी. बाकीचं तू तपास. आता निघ खिडकीतून."

मारेन निघाली. एका दमात, ताठ खांद्यांनी, थेट ओसरीच्या छपरावर.

बाईंनी चौकटीचे सांधे अंगठ्यानं चाचपले. फट नव्हती. "कुणाचं काम?"

"कोलस्टॅडांचं," मारेन म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. अशी मान त्या क्वचित डोलावत.

खाली पदपथावर तो होताच. भिजलेला.

"तू तपासलं असतंस तर?" छपरावरूनच तिनं विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाच कळलं नाही.

"तर लोक म्हणाले असते, ब्रांटनं पास केलं." त्यानं मान वर केली. "पास?"

"पास. स्वतःच्या हिमतीवर."

तेव्हा कुठे एलायसनं पदपथ सोडून हिरवळीवर पाऊल टाकलं.

"आता कॉफी मिळेल?"

"गार झालीय," मारेन म्हणाली. "त्या दिवसापासून ठेवलीय."

"चालेल."