वर म्हणजे डावीकडे

माझ्या दुकानाची पाटी आडवी झाली, तेव्हा मी एका मिक्सरच्या पोटात हात घालून बसले होते.

वाशीला सेक्टर नऊमध्ये, एका सोसायटीच्या जिन्याखाली माझा गाळा होता. गाळा म्हणजे काय... उभं राहिलं की डोक्याला जिना लागायचा, म्हणून मी बसूनच असायचे. बाहेर स्टुलावर पाटी टेकवलेली : 'मिक्सर, इस्त्री, टेप दुरुस्त करून मिळतील.' सत्त्याण्णव साल, जानेवारीतला एक शुक्रवार. कडाड आवाज झाला म्हणून बाहेर आले, तर एक लांबलचक पांढरी गाडी रिव्हर्समध्ये येऊन पाटीवर चढलेली, आणि चालवणारा मख्खपणे समोर बघत बसलेला.

"ओ साहेब," मी म्हणाले, "पाटी मागे आहे. पुढे काय बघताय?"

"लागली का कशाला?" त्याने विचारलं. समोर बघूनच.

"मान वळवून बघा की. का कॉलरची इस्त्री मोडते?"

कोपऱ्यावर दिवाळे गावची वेणूबाई मासळीची टोपली घेऊन बसायची. तिलाही चेव आला. "लय ताठ मानेचा हाय गो ह्यो."

तो दार उघडून खाली उतरला. आणि देव्हाऱ्यातली मूर्ती फिरवावी तसा, पायापासून डोक्यापर्यंत, अख्खा माझ्याकडे वळला.

"वळत नाही," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली. मानेचे मणके एकमेकांना चिकटलेत. दुखायचं थांबलं, एवढंच नशीब."

वेणूबाईने उगाच बोंबील इकडचे तिकडे केले.

"ताठ मानेचा म्हणालात ते चूक नाही," तो म्हणाला. "मार्केटात सगळे तेच म्हणतात. पाटी मी नवीन रंगवून देतो. मालक कुठायत?"

"मालक मीच."

त्याने माझ्याकडे पाहिलं. बाकीचे पुरुष तिरके बघतात... बघितलं-न बघितलं करतात. याला ते करताच येत नव्हतं. याने पाहिलं की अख्खं पाहिलं.

त्याचं नाव विश्वजित. एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटात त्यांची आडत. थोरला भाऊ सुभाष गादीवर बसायचा आणि हा जुन्नर-ओतूरला शेतकऱ्यांकडे जाऊन माल बघून यायचा. याच गाडीतून. कुठल्याशा वकिलातीतल्या माणसाकडून घेतलेली जुनी जपानी गाडी. तिच्या बाहेरच्या दोन्ही आरशांना आतून बटण होतं. बटण दाबलं की आरसा वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फिरायचा.

"चौकात आलं की इतरांची मान वळते," तो म्हणाला. "माझे आरसे वळतात. उजवा महिन्यापूर्वी थांबला, डावा परवा. म्हणून तुमची पाटी..."

"गॅरेजवाले काय म्हणतात?"

"एक म्हणतो अख्खा सेट जपानहून मागवा. दुसरा म्हणतो, एकदा हाताने लावा आणि विसरा. दादाने गिऱ्हाईक बघितलंय. सोमवारी येणार. ही गाडी गेली की संपलं... मग मी गादीवर बसायचं आणि पावत्या फाडायच्या." हे त्याने हवामान सांगावं तसं सांगितलं. पण हात मात्र गाडीच्या टपावर होता, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"उद्या सकाळी आणा," मी म्हणाले.

"तुम्ही? गाडीचं काम केलंय कधी?"

"मिक्सरच्या बटणाला तीन स्पीड असतात, याला चार दिशा. बटण ते बटण."

खरं सांगायचं तर गाडीचं दार मी कधी आतून पाहिलंच नव्हतं. आयटीआयचंही तोंड पाहिलेलं नाही. अकराव्या वर्षी आबांचा, म्हणजे वडिलांचा, रेडिओ उघडला, मार खाल्ला, आणि दुसरा मार बसायच्या आत तो जोडून वाजवून दाखवला... एवढंच माझं शिक्षण.

शनिवारी सकाळी तो आला तेव्हा गाडीचा एक आरसा आभाळाकडे बघत होता आणि दुसरा चाकाकडे. मी दारातलं बटणाचं खोकं उचकटलं. आतल्या तांब्याच्या पट्ट्या काळ्याठिक्कर. पेट्रोलने पुसल्या आणि मग शाळेतला खोडरबर घेऊन एकेक पट्टी घासायला लागले.

"खोडरबर?"

"काळं तेवढं खातो, तांबं खात नाही."

"पुस्तकात असतं हे?"

"पुस्तकात असतं तर तुमच्या गॅरेजवाल्याला माहीत असतं."

तो हसला. हसताना त्याची मान हलत नसे, म्हणून सगळं हसू डोळ्यांतच मावायचं. "नाव काय तुमचं? पाटीवर घालायला हवं."

"ज्ञानेश्वरी माने."

"बरं झालं. निदान आडनावात तरी मान आहे."

खोकं परत बसवलं. त्याने बटण दाबलं. उजवा आरसा कण्हला... आणि हळूच वर उठला. जिना, वेणूबाई, गुलमोहर असं करत विश्वजित आरसा फिरवत राहिला, आणि मग आरसा माझ्यावर येऊन थांबला.

"बिघडला का परत?" मी विचारलं.

"नाही. आत्ता कुठे नीट चालतोय."

"पोरी," वेणूबाई कोपऱ्यावरून म्हणाली, "आरसा तुझ्याव अडाकलाय गो. त्यालाबी जरा घास ना."

मी खोडरबर घेऊन आत गेले. कान गरम झाले होते. जानेवारीत.

डावा आरसा मात्र हट्टी निघाला. रविवारी बॅटरीपासून दोन वेगळ्या तारा ओढून त्याच्या मोटरीला लावल्या, तर आरसा थरथरला. म्हणजे मोटर जिवंत. बटणही जिवंत. मग मधेच कुठेतरी... मी जमिनीवर मांडी घालून मीटर धरला, तार अखंड असेल तोवर शिट्टी देणारा, आणि त्याला दार धरायला लावलं.

"उघडा... लावा... उघडा... पुन्हा लावा..."

"देवळाचं दारसुद्धा दिवसात इतक्या वेळा उघडत नाहीत," तो म्हणाला. तरी चाळीस वेळा उघडलं त्याने.

"एक विचारू?" मी म्हणाले. "गादीवर बसायला काय वाईट आहे? सावली असते, चहा येतो."

त्याने दार तसंच धरून ठेवलं. "गादीवर बसलो की येणारा प्रत्येक माणूस आधी मानेची चौकशी करतो, मग कांद्याची. गाडीत मला कोणी काही विचारत नाही. माळशेजच्या घाटात मी चालवतो, एवढंच असतं. वर बांधावर माणसं वाट बघत असतात. आजारी माणसाची नाही... भाव घेऊन येणाऱ्याची."

त्या क्षणी मी ठरवलं, हा आरसा सोमवारी हलणार. मग गाडी सोलावी लागली तरी चालेल.

बेचाळिसाव्या की त्रेचाळिसाव्या वेळी मीटरची शिट्टी बंद झाली. दार आणि गाडीच्या मधे रबराची एक नळी होती, तारा तिच्यातून जायच्या. दार उघडून-लावून तिथल्या तारा मोडल्या होत्या.

"पण वरून तर चांगल्या दिसतायत," तो वाकून म्हणाला. म्हणजे कमरेतून वाकून.

"वरचं कातडं धडधाकट आहे. आत तांबं तुटलंय."

"माणसांचंही असंच..."

"माणसांचं मी करत नाही. मिक्सर, इस्त्री, टेप."

सोमवारी सकाळी मी तो मोडका तुकडा कापून काढला आणि नवा जोडला. तीनही तारा, प्रत्येकीला कथलाचा डाग देऊन. त्यातल्या दोन तारा धुळीने एकाच रंगाच्या झाल्या होत्या. त्याने बटण दाबलं.

"हलला," तो म्हणाला. एकदम हळू.

हलला एवढंच मी ऐकलं. कुठे हलला ते पाहिलं नाही. मी आरशाकडे बघतच नव्हते... त्याच्याकडे बघत होते. माझ्या सबंध धंद्यात एवढी मोठी चूक माझ्याकडून पुन्हा झाली नाही.

त्याच्याच गाडीतून मीही मार्केटात गेले, तिथे नव्या कांद्याचा वास कोंदला होता. सुभाषदादा दारातच उभा होता, शेजारी गिऱ्हाईक. दादा काही वाईट माणूस नव्हता. भ्यालेला होता.

"विशू, उद्या कोणी चाकाखाली आलं तर मी आईला काय सांगू?" तो म्हणाला. "ही गल्ली बघतोस? शेवटपर्यंत रिव्हर्समध्ये घेऊन दाखव. कोणी आवाज द्यायचा नाही. जमलं तर गाडी तुझी. नाही जमलं तर आत्ताच्या आत्ता चावी यांना."

दोन्ही बाजूंना ट्रक, मधे हातगाड्या, पाठीवर गोणी घेतलेले माथाडी. मी मागच्या सीटवर जाऊन बसले. कोणी बोलावलं नव्हतं. विश्वजितने गियर टाकला, डावा आरसा वर उचलायला बटण दाबलं... आणि आरसा डावीकडे गेला.



"थांबा," मी म्हणाले. "तारांची अदलाबदल झाली. चूक माझी आहे. तुम्ही उतरा, मी सांगते दादांना, एक दिवस द्या म्हणते."

त्याने बटण परत दाबलं. मग दुसरं. मग तिसरं.

"वर म्हणजे डावीकडे," तो स्वतःशी म्हणाला. "डावीकडे म्हणजे वर. खाली म्हणजे..."

"उजवीकडे," मी म्हणाले.

"आणि उजवीकडे म्हणजे खाली. बस, कळलं. आता गप्प बसा, मला बघू दे."

गाडी मागे सरकायला लागली. दोन्ही आरसे गाईच्या कानांसारखे हलत होते. एक इकडे, एक तिकडे... क्षणभरही स्थिर नाहीत. एक हातगाडी सुटून आली, तो थांबला. ट्रकचं मागचं फाळकं पडलं, त्याने गाडी बोटभर उजवीकडे घेतली. मग अचानक करकचून ब्रेक. मला काहीच दिसलं नव्हतं. दोन ट्रकांच्या मधून पाठीवर गोणी घेतलेला एक माणूस वाकून बाहेर आला आणि गाडीच्या मागून, हातभर अंतरावरून, न बघता निघून गेला.

ते माझे आबा होते. शहाजी माने, टोळी नंबर सांगितला की सगळ्या मार्केटाला माहीत. गोणीखाली असलेल्या माणसाला मान वळवता येत नाही... हे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि शुक्रवारी मी विसरले होते.

गाडी गल्लीच्या टोकाला लागली. काही म्हणता काही खरवडलं नाही.

गिऱ्हाईक मात्र हुशार होतं. आत बसून बटणं दाबून बघायला लागलं. "अहो, हे वर दाबलं तर बाजूला जातंय. बिघडलेली गाडी आहे तुमची."

"असेल," विश्वजित म्हणाला. "मला पुरते."

सुभाषदादाने चावी हातात घेतली, दोन वेळा वर उडवून झेलली आणि भावाच्या खिशात टाकली. "पेट्रोल भरून घे. उद्या ओतूरला जायचंय." आणि गिऱ्हाइकाला चहा सांगायला निघून गेला. डोळे पुसायला गेला असं मी म्हणणार नाही. कांद्याचं मार्केट होतं, तिथे सगळेच पुसतात.

आम्ही दोघं गाडीपाशी उरलो.

"ओतूरहून आलात की गाडी आणा," मी म्हणाले. "तारा सरळ करून देते."

"नको. आता ही दुसऱ्या कोणाला चालवताच येणार नाही. दादाला विकताही येणार नाही."

"माझ्या हातचं काम चुकीचं राहिलेलं मला चालत नाही."

"मग यावर आपलं भांडण."

"चालेल."

"किती दिवस?"

"मी कंटाळत नाही लवकर."

"जन्मभर भांडलो तर?"

मी आरशाच्या काचेवरचा डाग पुसायला लागले. डाग नव्हता.

तो अख्खा माझ्याकडे वळला. "बुधवारी आईला घेऊन येतो तुमच्याकडे. बघायला."

आणि इथे माझं जरा सटकलं. "बघायला चार जण येऊन गेलेत," मी म्हणाले. "चहा प्यायले, माझ्या हातावरचे भाजल्याचे डाग बघितले आणि गेले. पाचव्यांदा मी मान खाली घालून पाटावर बसणार नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही."

त्याने विचार केला. घाई केली नाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मग तुम्ही या. मला बघायला. मान खाली घालून बसणं मला जमणार नाही, तेवढं सांभाळून घ्या."

आबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. "पोरीनं पोराला बघायला जायचं? गावाकडं साताऱ्यात कळलं तर?"

"तुम्ही मोटारीखाली येत होता, आबा. त्याने बघितलं म्हणून वाचलात."

"कधी?"

"तेच तर. तुम्हाला कळलंही नाही."

रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. आबांची धुतलेली टोपी, कडक पायजमा. सुभाषदादाने स्वतः पुढे होऊन आबांना खुर्ची दिली. दोघं एकाच मार्केटात पंधरा वर्षं, पण दादाने आबांना बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं असावं. आबाही अगदी कडेवर टेकले.

विश्वजितच्या आईने मला आत बोलावलं नाही, हात बघितले नाहीत. "विशू," तिने आत हाक मारली, "आण रे."

तो पोह्यांचा ट्रे घेऊन आला. ट्रे आणताना माणसाला खाली बघावं लागतं. तो समोर बघत येत होता, सतरंजीची दुमडलेली कड त्याच्या पायाशी, आणि बश्या एका बाजूला सरकायला लागलेल्या. कोणाच्याच लक्षात येईना. मी उठले आणि ट्रेची दुसरी बाजू धरली.

"दोन पावलं," मी म्हणाले. "मग सतरंजी आहे. आता उचल पाय."

तू म्हणून गेले, ते त्याला कळलं. त्याने पाय उचलला.

"स्वयंपाक येतो?" मी विचारलं. बघायला आलेल्यांनी विचारायचं असतं.

"पोहे मीच केलेत."

मी एक घास घेतला. सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कांद्याच्या व्यापाऱ्याचं घर," मी म्हणाले, "आणि पोह्यांत कांदा इतका कमी."

"ज्ञाना," आबा दबक्या आवाजात म्हणाले, "मुलगा कसा वाटला ते सांग."

"तेच सांगतेय, आबा," मी म्हणाले आणि बशी विश्वजितपुढे केली. "अजून थोडे वाढ."